दारावरची पिशवी

शेळगावात कुणाच्या घरी काय खातात हे पूर्वी वासावरून ओळखावं लागायचं. इफ्फतनं दारोदार पारदर्शक पिशव्या टांगल्या आणि ती कटकट संपली. रस्त्यानं जाता जाता नजर टाकली की कळायचं, इथली पोरं नूडल्सवर वाढताहेत, इथल्या सासूबाई केसांना कलप लावतात, आणि इथले मालक डॉक्टरनं दटावूनसुद्धा फरसाण सोडत नाहीत. गावाला एवढी करमणूक फुकटात याआधी मिळाली नव्हती.

ही कल्पना इफ्फतची स्वतःची. तिला तिचा फार अभिमान होता.

इफ्फत ही करिमाभाभींची लेक. करिमाभाभींचं किराणा दुकान गावात तीन पिढ्यांपासूनचं, त्यामुळं इफ्फत लहानपणापासून सगळ्या गावाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. बी.कॉम. झाली, बारामतीला कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि मग घरी बसली. घरी बसलेल्या शिकल्या पोरीकडं गाव ज्या नजरेनं बघतं ती नजर सोसत असतानाच बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका फरसाण-बिस्किटांच्या कंपनीनं शेळगावात टेम्पो पाठवला आणि इफ्फतला काम लागलं.

कंपनीला काही शेळगावचा उमाळा आला नव्हता. सरकारचा नियम झाला होता की जेवढ्या प्लास्टिकमध्ये माल गुंडाळून विकाल, तेवढं प्लास्टिक परत गोळा झाल्याचं दाखवा. म्हणून कंपनीनं पैसा ओतला. टेम्पो तिचा, इंदापूर रस्त्यावरची पत्र्याची शेड तिची, तिथं कागद एकीकडं नि प्लास्टिक एकीकडं करणाऱ्या बायांची मजुरी तिची, आणि इफ्फतचा पगारही तिचाच. गावानं फक्त रिकामे पुडे, दुधाच्या पिशव्या, खोकी, रद्दी असं सगळं स्वच्छ करून आठवड्याला टेम्पोत द्यायचं.

"म्हंजी पुडे त्यांनी इकायचे, खायचं आमी, आन् धुवून परत बी आमीच द्यायचं?" पारावरच्या म्हस्कूआबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. इफ्फत नुसती हसली होती.

सुरुवातीला पिशव्या मागच्या दारी होत्या आणि रिकाम्याच राहायच्या. कोण चुलीत घालायचं, कोण ओढ्यात भिरकावायचं. महिनाभर टेम्पो मोकळा फिरला. मग इफ्फतच्या डोक्यात उजेड पडला. आपला गाव कुणाच्या सांगण्यानं हलत नाही, पण शेजारी काय म्हणतील एवढं म्हटलं की झोपेतून उठून बसतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं पिशव्या पुढच्या दारी आणल्या. देवळासमोर एक फळा उभा केला, त्यावर प्रत्येक घराच्या कारभारणीचं नाव लिहिलं आणि आईच्या दुकानातून कपाळाच्या टिकल्यांची पाकिटं नेली. पिशवी भरून दिली की नावापुढं हिरवी टिकली. नाही दिली की लाल.

महिन्याभरात गाव हिरवंगार झालं. बाया एकमेकींच्या पिशव्यांकडं डोळे वटारून बघायला लागल्या. चंद्राबाईनं तर माहेराहून पुडे मागवले असं बोललं जायचं. चंद्राबाईची जीभ बघता तिच्याविषयी काहीही बोलायला गाव टपलेलंच असतं, तेव्हा ते किती खरं मानायचं हा प्रश्नच आहे.

कंपनीतर्फे हे सगळं बघायला बारामतीहून दिग्विजय सर यायचे. वयानं फार मोठे नव्हते, बोलायला गोड होते, आणि त्यांच्या दर वाक्यात एकदा तरी 'इम्पॅक्ट' यायचा. फळा बघून ते खूश झाले.

"इफ्फत मॅडम, दसऱ्यापर्यंत शेळगावचं प्रत्येक घर हिरवं करा," ते म्हणाले. "शंभर टक्के गाव. कंपनी पुढची पाच वर्षं इथला खर्च उचलेल, शेजारची गावं जोडेल आणि सगळ्याच्या सुपरवायझर तुम्ही. पण एखादं घर जरी राहिलं तर वर माझं कुणी ऐकणार नाही. टेम्पो दुसरीकडे जाईल."

त्यांना 'मॅडम' म्हणायची सवय असेल. पण इफ्फतला ते पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं, आणि ते तिला घरी पोचेपर्यंत ऐकू येत राहिलं.

राहिलं होतं एकच घर. रंगूबाईचं.

गावाच्या कडेला, कालव्याच्या चारीपाशी रंगूबाईचं दोन खणांचं घर होतं. एकटी बाई, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, लेक लांब दिलेली. चारीच्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर, वांगी काढायची आणि बाजाराला न्यायची. अंगण असं सारवलेलं की सांडलेला भात उचलून खावा. तिच्या दारावर इफ्फतनं टांगलेली पिशवीही स्वच्छ होती. दर आठवड्याला ती धुऊन, उलटी वाळवून, पुन्हा खिळ्याला लावलेली असायची. फक्त तिच्यात काही नसायचं.

"आत्या, आज बी काय न्हाय?" इफ्फत विचारायची.

"न्हाय गं बाई. निघंना काय," रंगूबाई म्हणायची आणि पदराला हात पुसायची.

इफ्फत मनात म्हणायची, निघंना कसं? माणूस जेवतो तिथं कचरा होतोच. चुलीत घालते म्हातारी, दुसरं काय. आणि फळ्यावर रंगूबाईच्या नावापुढं ती दर आठवड्याला लाल टिकली चिकटवायची.

दसऱ्याच्या आधी देवळाच्या मंडपात बचत गटाची बैठक होती. सगळ्या बाया जमलेल्या, चहा फिरत होता. समोर फळा दिसत होता, हिरव्याच्या गर्दीत तो एक लाल ठिपका. इफ्फतला वाटलं, हीच वेळ. चारचौघींत एकदा झालं की म्हातारी सुतासारखी सरळ येईल.

"सगळ्या गावानं करून दाखवलं," ती उभी राहून म्हणाली. "एक घर सोडून. आता त्या एका घरापायी टेम्पो जाईल, आन् माझं कामबी जाईल. बसते मग पुन्यांदा घरी." हे शेवटचं तिनं हसत हसत म्हटलं आणि रंगूबाईकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"चुलीत घालत आसंल," चंद्राबाई म्हणाली. मग फळ्याकडं बोट करून तिनं पुढचं टाकलं, "काय का आसंना, इतक्या वर्सांनी रंगूच्या नावाला लाल टिकली तर लागली!"

बायांमध्ये हशा पिकला. काहींनी पदर तोंडाला लावला, काहींनी नाही.

आणि इफ्फतही हसली.

लाल टिकली लावताना तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या घरात टिकली हा विकायचा माल, त्यापलीकडं कुणी त्याचा विचार केलेला नाही. पण आता ध्यानात आलं होतं, आणि तरी ती हसली. रंगूबाईचा हात कपाळाकडं गेला. तिथं काहीच नव्हतं, तरी तिनं ते पदरानं पुसलं. "बघते बाई," एवढंच ती म्हणाली आणि चहाचा कप तसाच ठेवून निघून गेली.

इफ्फतला क्षणभर कसंतरी झालं. मग तिनं ते झटकलं. लागू पडलं म्हणायचं, असं स्वतःला सांगून टाकलं.

आणि खरंच लागू पडलं. पुढच्या आठवड्यात रंगूबाईच्या पिशवीत चहाचा एक पुडा होता, शाम्पूच्या दोन पुड्या आणि तेलाची एक रिकामी पिशवी. त्याच्या पुढच्या आठवड्यात बिस्किटांचे पुडे आले, शेवेचे आले. सगळे कात्रीनं सरळ रेषेत कापलेले, धुतलेले, पुसलेले, एकावर एक रचलेले. गावातल्या दुसऱ्या कुठल्याच घरातून असा माल येत नव्हता. इफ्फतनं पिशवीशेजारी रंगूबाईला उभं केलं, फोटो काढला आणि सरांना पाठवला. फळ्यावरची लाल टिकली नखानं खरवडून तिथं हिरवी लावली. सरांचं उत्तर लगेच आलं. दसरा झाला की गावात कार्यक्रम, कंपनीचे मोठे साहेब येणार, आणि सत्काराला या आजीच पाहिजेत.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी इफ्फत दुकानात बसून भाषणाची तयारी करत होती. करिमाभाभी तेलाच्या डब्याचा पंप पुसत होत्या. शेळगावात अजून निम्मं गाव सुटं तेल घेतं. डब्यातून पंपानं किटलीत किंवा बाटलीत तेल काढायचं, चहापत्ती नि डाळ तागडीवर तोलून वर्तमानपत्राच्या पुडीत बांधायची, दोरा गुंडाळायचा. गिऱ्हाईक घरी जाऊन दोरा खुंटीला लावतं नि कागद चूल पेटवायला ठेवतं.

"इफ्फू," करिमाभाभी हात न थांबवता म्हणाल्या, "रंगूबाई किटली आणत न्हाय आता."

"व्हय का?" इफ्फतचं लक्ष कागदात होतं.

"मी इचारलं, तर म्हनली फुटली. ॲल्युमिनियमची किटली फुटती व्हय गं? लगीन होऊन मी आले तवापास्नं दर सोमवारी ती किटली या फळीवर येती. तेल सुटं, चहा सुटा, डाळ सुटी. त्या बाईनं आयुष्यात माझ्याकडनं कंपनीचा बांधीव पुडा घेतला न्हाय. आन् आता तेल पिशवीतलं, चहा पुड्यातला, वर बिस्किटं काय नि शेव काय. पुडा महाग पडतो, मग साखर बंद केली तिनं. म्हनली, बिस्किट गोड आसतंय की, च्यात बुडवून खाते."

इफ्फतनं मान वर केली.

"शेव तिला चावत बी न्हाय," करिमाभाभी म्हणाल्या. "परवा मी इचारलं, कुणासाठी नेती गं? तर मला म्हनली, करिमा, मला शेव नगं, मला पुडा पायजे."

दुकानात माशी घोंघावत होती. समोर तेलाचा डबा, त्याचा पंप, आणि फळीवरची ती रिकामी जागा, जिथं दर सोमवारी किटली यायची. इफ्फतला सगळं एकदम समजलं. पुडीचा कागद सोडला तर म्हातारी चुलीत काही घालत नव्हती. तिच्या घरात कचरा होतच नव्हता. सबंध गावात एकच घर असं होतं की ज्याच्याकडं कंपनीच्या टेम्पोला द्यावं असं काही नव्हतं, आणि आपण त्या घराला लाल टिकली लावली, आणि वर हसलो.

"मला आधी का न्हाय सांगितलंस?" ती आईवर डाफरली.

"मला तरी कुठं समजलं? मी इकत बसले," करिमाभाभी शांतपणे म्हणाल्या. "आता समजलं, तर सांगितलं. काय करायचं ते तू बघ."

इफ्फतनं काय केलं? काही नाही. मांडव घातला गेला होता, साहेब यायचे होते, सुपरवायझरची जागा समोर दिसत होती. आत्ता नको, तिनं ठरवलं, कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बघू. माणसाला लाज वाटत असली तरी तो असंच ठरवतो, आणि ठरवल्यावर त्याला जरा बरंही वाटतं. इफ्फतला तसं बरं वाटलं. तेवढंच पुढं तिला जास्त डाचत राहिलं.

सकाळी मांडवात शिरली तर समोर भलामोठा फलक. त्यावर रंगूबाई, शेजारी पिशवी, आणि खाली ठळक अक्षरांत 'बदल घडतोय!'. फोटो इफ्फतनंच काढलेला. त्यात रंगूबाई हसत नव्हती, कॅमेऱ्याकडं बघत नव्हती, पिशवीकडं बघत होती. फोटो काढताना हे आपल्याला कसं दिसलं नाही, असं इफ्फतला वाटलं.

साहेबांचं भाषण झालं. उद्योग, पर्यावरण आणि माता-भगिनी यांचा त्यांनी एकाच दमात उद्धार केला. मग रंगूबाईचं नाव पुकारलं. पांढऱ्यावर निळ्या काठाचं, घडी न मोडलेलं लुगडं नेसून ती आली. शाल, नारळ, आणि सेलोफेनमध्ये गुंडाळलेली एक मोठी टोपली. टोपलीत काय असणार? कंपनीचाच माल. फरसाण, बिस्किटं, चिवडा, सोनपापडी, एकेक पुडा चकचकीत.

"आजी, दोन शब्द बोला," दिग्विजय सरांनी माइक पुढं धरला.

"मला काय बोलता येत न्हाय," रंगूबाई म्हणाली. मग माइकपासून तोंड जरा लांब नेऊन, पहिल्या रांगेतल्या इफ्फतकडं बघत तिनं म्हटलं, "या पोरीनं सांगितलं, म्या केलं. पोर चांगली हाय आमची."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चंद्राबाईसुद्धा वाजवत होती. इफ्फतला उठून उभं राहायला सांगितलं, ती उभी राहिली, आणि तिला वाटलं की आता या क्षणी धरणीनं पोटात घेतलं तर फार उपकार होतील.

टोपली जड होती. ती घेऊन इफ्फत रंगूबाईबरोबर तिच्या घरापर्यंत गेली. वाटेत रंगूबाई हलक्या पावलांनी चालत होती, बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती अशी.

"बरं झालं बघ," ती म्हणाली. "मला वाटलं, नुसतं नारळावर भागवत्यात. आता दोन म्हयनं तरी पिशवीची काळजी न्हाय."

इफ्फत थबकली. टोपली अंगणात ठेवली. कोपऱ्यात शेळी बांधलेली होती, तिच्यापुढच्या घमेल्यात पाल्याबरोबर शेव पडलेली होती आणि शेळी ती मोठ्या चवीनं खात होती. दारातून आतली फळी दिसत होती. फळीवर किटली पालथी घातलेली, घासून लखलखीत केलेली.

"आत्या," इफ्फत म्हणाली, "किटली फुटली न्हाय."

रंगूबाईनं आधी किटलीकडं पाहिलं, मग शेळीकडं. तिचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेल्यागत तिनं पदर ओढून घेतला. "तुझ्या आईनं सांगितलं व्हय? कुणाला बोलू नगंस गं. त्या चंद्रीला कळलं तर माझी पार अब्रू जाईल. म्हणंल, फुकटचा सत्कार घेतला."

"अब्रू तुमची कशाला जाईल? चूक माझी हाय, आत्या. तुमच्या घरात काय निघत न्हाय, तर न्हाय निघत. मी उगाच..." ती दाराकडं गेली आणि खिळ्यावरची पिशवी काढली.

रंगूबाई लगबगीनं आली आणि तिनं पिशवी तिच्या हातातून हिसकून घेतली. पुन्हा खिळ्याला अडकवली, वरून दोऱ्यानं गाठ मारली, त्यावर आणखी एक मारली.

"काढू नगंस. दारावरची पिशवी गेली तर लोक काय म्हणतील?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, इफ्फतकडं न बघता, "आन् तुझं काम जाईल की. तूच म्हनलीस, एका घरापायी जाईल. ते माझ्यामुळं जायला नगं, बाई. तुझी आई अडीनडीला माझी गरज भागवती, तू माझ्या मांडीवर न्हाली-धुली. म्या काय एवढं बी करू नाय?"

इफ्फतनं ते वाक्य हसत हसत टाकलं होतं. म्हातारीनं ते उचलून घरी नेलं होतं आणि दर आठवड्याला स्वतःची साखर तोडून त्याची भरपाई करत होती. बैठकीत हसलो त्याची लाज वाटत होती, तिच्यापेक्षा ही लाज किती तरी मोठी निघाली. ती घरी आली आणि मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसली. करिमाभाभींनी एकदा डोकावून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

दोन दिवसांनी दिग्विजय सर आले तेव्हा तिनं विषय काढला. "सर, पिशव्या परत मागच्या दारी लावूया. आणि फळा काढूया."

"का?" सर चकित झाले. "सगळं तर मस्त चाललंय."

"लोकांना लाज वाटते सर."

"अहो, तेच तर आपलं मॉडेल आहे!" सर हसले. "तुम्हीच तर शोधून काढलंत."

त्या वेळी कुणी तोंडात मारली असती तरी इफ्फतला एवढं लागलं नसतं. "सर, एखाद्या घरात कचराच होत नसला तर?" तिनं विचारलं.

सरांनी जरा विचार केला. माणूस वाईट नव्हता. "असेल एखादं. पण त्याला मी मोजू कुठं?" ते म्हणाले. "कंपनीला वजन दाखवावं लागतं, मॅडम. रिकाम्या पिशवीचं काय वजन दाखवू?"

खरं कारण तिला सांगता येईना. सांगावं तर रंगूबाई पुन्हा उघडी पडणार, या खेपेला तर फलकासकट. तेव्हा तिनं काही न सांगता जे करायचं ते केलं. आधी स्वतःच्या दुकानाच्या दारावरची, गावातली सगळ्यात फुगलेली पिशवी काढून मागं नेली. मग फळा उचलून दुकानामागच्या खोलीत भिंतीला टेकवला, तोंड भिंतीकडं करून. आणि घरोघर जाऊन सांगितलं, पिशवी मागं लावा, ज्याला जे देता येईल ते द्या, कुणी मोजणार नाही.

गाव किती आनंदलं म्हणून सांगू! दोन आठवड्यांत पिशव्या मागं गेल्या, तिथून गोठ्यात गेल्या, आणि कुणी त्यांत जनावरांची कडबाकुट्टी भरून ठेवली. ओढ्यात पुन्हा रंगीबेरंगी पुडे तरंगायला लागले. टेम्पो अर्धा भरेना. चंद्राबाईनं तर आपली पिशवी सरळ उकिरड्यावर टाकून दिली. लाजेवर चाललेली गोष्ट लाज काढून घेतल्यावर आडवी झाली, आणि इफ्फतला हेही मान्य करावं लागलं की तिनं गावाला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

आईनंही आपल्या परीनं एक केलं. रंगूबाईला बांधीव पुडा देणं बंद केलं. "किटली आणा, तेल घ्या," असं ठणकावून सांगितलं.

मग सरांचा फोन आला. आवाजातला गोडवा कमी झाला होता. "वजन कुठं गेलं, मॅडम? पुढचे दोन आठवडे बघतो, नाहीतर टेम्पो भिगवणकडे वळवावा लागेल. आणि मग तुमचंही... समजून घ्या." ही बातमी गावात पसरायला संध्याकाळ पुरली. पारावर म्हस्कूआबा हळहळले, चंद्राबाईनं च् च् केलं, पण कुणी पिशवी भरली नाही.

त्या आठवड्यात टेम्पोबरोबर फिरताना इफ्फतनं चारीकडची गल्ली शेवटी ठेवली. सत्कारानंतर ती तिकडं जायचं टाळतच होती. रंगूबाईला तिनं पोरांकरवी निरोप दिला होता, पिशवी काढून ठेवा म्हणून. म्हातारीनं ती काढली असेल असं इफ्फत धरून चालली होती.

सबंध शेळगावात पुढच्या दारी एकच पिशवी उरली होती. एक नव्हे, दोन. खिळाही दुसरा ठोकलेला. दुसरी पिशवी चंद्राबाईची, उकिरड्यावरून आणून धुतलेली. दोन्ही तोंडापर्यंत भरलेल्या, पुडे सरळ रेषेत कापलेले, एकावर एक रचलेले.

रंगूबाई उंबऱ्यात बसली होती. इफ्फतला पाहून तिनं मान डोलावली.

"भिऊ नगंस," ती म्हणाली. "बाकीच्यांनी पाठ फिरवली तर फिरवू दे. या खेपेला म्या दोन भरल्यात."

"आत्या, अम्मी तर देत न्हाय तुमाला..."

"न्हाय देत. डोस्कं फिरलंय तुझ्या आईचं. मग इंदापूरच्या बाजारात गेले, मेथी इकली आन् तितंच घेतलं." तिनं अंग चोरून बाजूला जागा केली. "बस. च्या टाकलाय."

चहा आला. बिनसाखरेचा. बरोबर बिस्किटांचा एक पुडा, अर्धा उघडलेला, वरची कड कात्रीनं सरळ कापलेली. रस्त्यावर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. इफ्फतला म्हणायचं होतं की पुरे, हे बंद करा, माझ्यासाठी करू नका. पण ते एकदा म्हणून झालं होतं, आणि त्याचं उत्तर दोन खिळ्यांवर लटकत होतं.

"खा की गं," रंगूबाईनं पुडा पुढं सरकवला. "माझ्या एकटीच्यानं संपंना. रिकामा झाला की ह्योबी घालू पिशवीत."

इफ्फतनं बिस्किट घेतलं. चहात बुडवलं. तोंडात घातलं.

"आणिक घे," रंगूबाई म्हणाली.